आधी टप बघा, सेट शेवटी घ्या

गेल्या श्रावणात एक तरुण हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाला, माझ्या गॅरेजवर आला. हातात गाडीत बसवायचा ५० वॉटचा नवाकोरा वायरलेस सेट, आणि त्याच्यासोबत फुकट मिळालेली वीतभर अँटेना. "काका, तासाभरात बसवून द्या, संध्याकाळी कोयनानगरला निघायचंय." मी म्हटलं, खोकं बाजूला ठेव, आधी गाडी दाखव. गाडी बघितली तर टपावर पुढून मागपर्यंत काच. अँटेनाचा लोहचुंबकाचा बुडखा ठेवायला पत्राच नाही. चाळीस मिनिटं आम्ही दोघं गाडीभोवती फिरत होतो. सेट खोक्यातच राहिला, आणि पोरगं कोयनानगरला हँडसेट घेऊनच गेलं.

मी कराडचा, धंद्यानं ऑटो इलेक्ट्रिशियन. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा सांगलीतल्या मेहुण्याचा फोन दोन दिवस लागला नाही. त्या दोन दिवसांत वायरलेसचं डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे हॅमची परीक्षा दिली, पास झालो, हवेवर ओळख सांगायची, व्हीयू३ ने सुरू होणारी खूण मिळाली. आता आसपासचे हॅम मित्र गाडीत सेट बसवायला माझ्याकडेच येतात, आणि जवळजवळ सगळे उलट्या क्रमानं आलेले असतात. सेट आधी घेतात, अँटेनाचा विचार नंतर, आणि गाडीचा तर नाहीच.

पण त्याही आधी कागद. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलायचं तर हौशी रेडिओचा परवाना लागतो. परीक्षा देऊन तो दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेकडून मिळतो. परवान्याच्या खालच्या पायरीला, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, मोर्सची म्हणजे टकटक संकेतांची परीक्षा नाही, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. परवान्यावर किती वॉट लिहिलेत, गाडीतून वापरण्याबद्दल काय म्हटलंय, ते नीट वाचा आणि मगच सेटच्या किमती बघा. परवाना नको असेल त्यांच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झची छोटी जागा मोकळी आहे. तिथे कमी ताकदीचे हँडसेट चालतात, दोन गाड्या मागेपुढे जाताना पुरतात. २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडलाही ५ वॉटपर्यंत सूट आहे, पण अँटेना सेटलाच जोडलेली हवी. म्हणजे टपावर काठी लावायचा बेत असेल तर ती वाट तुमची नाही. ऑनलाइन मिळतो म्हणून कुठलाही वॉकीटॉकी उचलू नका. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा विक्रीवर नियम काढले ते उगाच नाही.

गाडी हीच अर्धी अँटेना

हे वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय. १४५ मेगाहर्ट्झची लहर साधारण २ मीटर ७ सेंटिमीटर लांब. तिचा चतुर्थांश म्हणजे हिशोबानं ५२, प्रत्यक्षात ४९-५० सेंटिमीटरची काठी. पण ती काठी एकटी काही करत नाही. दुसरा अर्धा भाग हवा, आणि तो म्हणजे तिच्याखालचा पत्रा. काठीच्या भोवती सगळीकडून निदान अर्धा मीटर पत्रा मिळाला की काम झालं. आपल्या छोट्या हॅचबॅकचा टप मधोमधून दोन्हीकडे जेमतेम तेवढाच भरतो. म्हणून जागा टपाच्या मधोमध, दुसरी नाही.

मागच्या डिकीच्या डाव्या कोपऱ्यात लावली तरी चालते, पण मग आवाज सगळीकडे सारखा जात नाही. ज्या बाजूला पत्रा जास्त, त्या बाजूला जोर जास्त. मागच्या डाव्या कोपऱ्यातली अँटेना पुढे उजवीकडे चांगली बोलते आणि मागे डावीकडे अडखळते. बंपरवर लावलेली तर गाडीच्याच आडोशाला बसते. मी स्वतः पहिल्यांदा बोलेरोच्या मागच्या बंपरवरच लावली होती, दिसायला पोलीस गाडीसारखी दिसते म्हणून. पाटणकडे तोंड करून गेलो की कराडवाले ऐकायचे, परत यायला लागलो की गायब.

काचेचा टप असेल तर पर्याय तीन. मागच्या दाराच्या कडेला आवळायची क्लिप, टपावरच्या रेलला लावायचा ब्रॅकेट, किंवा बॉनेटच्या कडेला बसणारा छोटा ब्रॅकेट. क्लिप लावताना तिचे बारीक स्क्रू रंग खरवडून पत्र्यापर्यंत गेले पाहिजेत. मल्टीमीटरची एक पिन क्लिपवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि वाचन शून्याच्या जवळ. नाही आलं तर ती क्लिप फक्त काठी धरून उभी आहे, अँटेना म्हणून तिचा उपयोग नाही. स्क्रू रुतलेल्या जागी नंतर ग्रीस किंवा नेलपॉलिशचा थेंब लावा. नाहीतर चिपळूणच्या एका पावसाळ्यात तिथे गंजाचा रुपया तयार होतो. रेलवर किंवा फायबरच्या बॉडीवर मात्र चतुर्थांश लहरीची काठी लावू नका. तिथे अर्ध्या लहरीची लागते, साधारण १ मीटर लांब, कारण तिला खाली पत्र्याची फारशी गरज नसते. डायमंडची एनआर-७७० ही त्यातली हॅमांमध्ये फिरणारी ओळखीची काठी, १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झच्या दोन्ही हॅम बँडवर चालते. माझ्या त्या काचेवाल्या पोराला शेवटी रेलवर तशीच काठी लावून दिली.

लांब काठी, आखूड काठी

सगळ्यांना सव्वा मीटरची काठी हवी असते, ५/८ लहरीची. खोक्यावर डेसिबलचा, म्हणजे ताकद किती वाढते त्याचा, आकडा मोठा असतो ना. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की काठी आपली ताकद वर न फेकता आडवी, क्षितिजाकडे फेकते. बारामती-पंढरपूरच्या सपाटीवर ते सोनं आहे. पण कुंभार्ली घाटात रिपीटर, म्हणजे आपला आवाज पकडून पुढे फेकणारा सेट, तुमच्या डोक्यावरच्या डोंगरावर असतो आणि तुम्ही तळाला वळणात. तिथे ४९ सेंटिमीटरची साधी काठी कितीतरी वेळा जास्त चांगलं बोलते, कारण ती थोडं वरही बघते. आमच्याकडे निम्मा रस्ता घाटाचा, म्हणून माझ्या बोलेरोवर गेली चार वर्षं आखूडच आहे.

आखूड काठीचा दुसरा फायदा झाडांना विचारा. गावाकडच्या वाटेवर बाभळीच्या फांद्या टपाच्या उंचीवरच असतात. लांब काठी फांदीत अडकली की लोहचुंबकासकट टपावरून घसरत मागे येते आणि रंगावर शेजारणीच्या रांगोळीसारखी नक्षी काढते. मॉलच्या तळघरात शिरायच्या आधी टपाची उंची अधिक काठीची उंची ही बेरीज पाठ हवी. लांब काठी घ्यायचीच असेल तर बुडाशी आडवी मोडणारी घ्या. आणि वेगात ती मागे वाकते हेही लक्षात ठेवा. ताशी ९० ला वाकलेली ५/८ काठी आडवी नाही, तिरपी बोलते, म्हणजे पैसे ज्याचे दिले तेच गेलं.

लोहचुंबकाचा बुडखा घेताना बूड मोठं बघा, किमान हाताच्या तळव्याएवढं. लावायच्या आधी टप आणि बूड दोन्ही ओल्या फडक्यानं पुसा. मधे एक खडा राहिला तरी रंगाला कायमचा ओरखडा येतो. दर महिन्याला उचलून पुन्हा पुसा, खाली पाणी साचतं. टपाला भोक पाडून एनएमओ पद्धतीचा बुडखा बसवणं सगळ्यात उत्तम, त्याला १९ मिलिमीटरचं भोक लागतं. पण नव्या गाडीच्या टपाला ड्रिल लावायला माझाही हात थरथरतो, आणि गाडी विकताना भोकाचं काय सांगणार हा प्रश्न बायकोच विचारते. जुन्या जीपला मात्र मी बेधडक पाडतो.

वायर, जिच्याकडे कुणी बघत नाही

बुडख्याला जी वायर जोडून येते ती बहुतेक वेळा आरजी-५८ असते. पाच मीटरच्या त्या वायरीत १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे १ डेसिबल जातं, म्हणजे पाचातला एक वॉट वाटेतच संपला. ४३५ वर तेच नुकसान एक तृतीयांशापर्यंत जातं. हे आपण सोसतो. पण स्वस्त बुडख्याला बुटाच्या नाडीएवढी आरजी-१७४ असते. दाराच्या रबरातून सहज जाते म्हणून लोकांना आवडते, आणि ४३५ वर तुमची जवळजवळ निम्मी ताकद खाऊन टाकते. दोन मीटरपेक्षा लांब ती वापरू नका.

वायर दारातून आत घेताना कडेच्या आधी खाली झोल सोडा, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच टपकेल, वायरीवरून आत येणार नाही. दार मिटताना वायर चेपत नाही ना ते दोनदा बघा. आणि एक गोष्ट मी कुणालाही परवानगी देत नाही: ज्या खांबाच्या प्लॅस्टिकवर एअरबॅग लिहिलंय त्याच्या आतून वायर न्यायची नाही. एअरबॅग फुटते तेव्हा वाटेतली प्रत्येक गोष्ट माणसाच्या अंगावर येते.

बाहेरचा प्रत्येक जोड आपोआप एकजीव होणाऱ्या रबरी टेपनं बंद करा, साध्या इन्सुलेशन टेपनं नाही. एकदा एक जण मीटर दाखवत आला, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे काहीच नाही) १.२, सुंदर, पण याला कोणी ऐकत नव्हतं. वायर कापली तर आतली जाळी काळी ठिक्कर, पाणी शिरलेलं. खराब वायर ताकद जातानाही खाते आणि अँटेनाकडून परत येणारीही खाते, मग मीटरला परतीचं काही दिसतच नाही. म्हणून आकडा छान आणि आवाज गायब असेल तर आधी वायरीवर संशय घ्या.

एसडब्ल्यूआर: दोन-दोन मिलिमीटर

सगळं लावून झालं की मोजायचं. गाडी पत्र्याच्या शेडबाहेर, मोकळ्यात, दारं बंद, माणसं लांब. १४४, १४५ आणि १४६ वर, कुणी बोलत नाही हे ऐकून, कमी ताकदीवर तीन आकडे लिहून घ्या. १.५ पर्यंत उत्तम, परत येणारी ताकद फक्त ४ टक्के. २ पर्यंत चालतं, ११ टक्के. ३ म्हणजे चौथाई परत, आणि बरेच सेट तिथे स्वतःहून ताकद कमी करतात. १४४ ला आकडा सर्वात कमी आणि पुढे चढत गेला तर काठी लांब आहे, कापा. १४६ ला कमी असेल तर आखूड आहे, बाहेर ओढा.

इथे माझा मूर्खपणा सांगतो. पहिली काठी मोजली तर तिचा सर्वात कमी आकडा १४३.५ वर बसला होता. म्हटलं थोडी कापू, आणि पक्कडनं सरळ एक सेंटिमीटर उडवला. काठी गेली १४६.५ वर. ४९ सेंटिमीटरच्या काठीत १ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ३ मेगाहर्ट्झ, आणि आपला सगळा बँडच २ मेगाहर्ट्झचा. त्या दिवसापासून मी पक्कड वापरत नाही. कानसीनं दोन मिलिमीटर, मोजणं, पुन्हा दोन मिलिमीटर. बुडाशी स्क्रू असेल तर आधी काठी खाली-वर सरकवून बघा, कापणं अगदी शेवटी.

करंट कुठून घ्यायचा

हा माझा धंदा, म्हणून इथे जरा जास्त बोलतो. ५० वॉटचा सेट बोलताना १० ते १२ अँपिअर ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते १५ अँपिअरचा, आतली वायर बारीक, आणि पिनचा संपर्क स्प्रिंगच्या भरवशावर. ५ वॉटचा हँडसेट तिथून चार्ज करा, बाकी काही नको. मोबाइल सेट, म्हणजे गाडीत पक्का बसणारा, सरळ बॅटरीवरून. पॉझिटिव्हला फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत, नाहीतर मधली वायर घासून पत्र्याला लागली तर फ्यूजच्या आधीच पेट घेते. फ्यूजचा आकडा सेटच्या पुस्तकात दिलेला, ५० वॉटला बहुधा १५ अँपिअर.

वायर ४ चौरस मिलिमीटरची घ्या. तीन मीटर जायला आणि तीन यायला, १२ अँपिअरला सुमारे ०.३ व्होल्ट पडतात. दुकानदार १.५ ची देईल, दिसायला जाडच असते, पण तिच्यात ०.९ व्होल्ट जातात. बोलायला लागलं की डिस्प्ले मंद होतो आणि गिऱ्हाईक म्हणतं सेट खराब. वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूचा कान, दाबून लावा, वायर नुसती वळवून नटाखाली घालू नका. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, जाताना भोकाची कड झाकणारं रबरी ग्रोमेट हवंच.

नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर छोटा सेन्सर असतो, तो करंटचा हिशोब ठेवतो. सेटची निगेटिव्ह सरळ त्या टोकावर लावली तर सेटचा करंट त्याच्या हिशोबात येतच नाही. म्हणून बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे आवळलेली असते त्या बोल्टवर लावा. ट्रकवाल्यांनो, तुमचं २४ व्होल्ट. दोनपैकी एका बॅटरीवरून १२ घ्यायचा मोह होतो, मीही पूर्वी करून दिलंय. एक बॅटरी सारखी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन फुगते. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर घ्या, सेटच्या मागणीपेक्षा थोडा मोठा.

इंजिन वाढवलं की आवाजात शीळ चढत जाते ती अल्टरनेटरची, आणि नव्वद टक्के वेळा सॉकेटवरून किंवा खराब अर्थिंगवरून येते. शीळ नाही, पण रिपीटर आधीसारखा ऐकू येत नाही अशी तक्रार असेल तर मी पहिल्यांदा मोबाइलचा स्वस्त चार्जर उपसतो, मग डॅशकॅम. या दोघांनी व्हीएचएफवर, म्हणजे आपल्या १४४ च्या पट्ट्यात, किती कचरा टाकावा याला सुमार नाही.

आता सेट

इथपर्यंत आलात तर सेट निवडणं सोपं होतं. ज्यांच्याशी बोलायचं ते कुठल्या बँडवर आणि कुठल्या पद्धतीवर आहेत ते आधी विचारा. भोवतालचे सगळे साध्या एफएमवर असतील तर डिजिटलचे जादा पैसे कशाला? नुसता १४४ चा सेटही वर्षानुवर्षं पुरतो.

वॉटच्या मागे लागू नका. २५ चे ५० केले की फायदा फक्त ३ डेसिबल, समोरच्याला तो जेमतेम जाणवतो. त्याउलट, गाडीच्या आत हँडसेटच्या रबरी शेपटीवरून बोलणारा माणूस टपावरच्या काठीवर आला की जमीन-अस्मानाचा फरक पडतो. नवख्याला मी सांगतो, तुझा ५ वॉटचा हँडसेटच टपावरच्या काठीला जोड, सहा महिने चालव. फक्त मधे लवचिक वायरीचा तुकडा घाल, अँटेनाच्या जाड वायरीचं वजन हँडसेटच्या इवल्या एसएमए सॉकेटवर टाकू नकोस. शहरात शिरल्यावर स्वस्त हँडसेट मोठ्या अँटेनावर बहिरा होतो, आजूबाजूच्या तगड्या सिग्नलनं गुदमरतो. तसं व्हायला लागलं की समज, मोबाइल सेटची वेळ झाली.

मोबाइल सेटमध्ये मी दोन गोष्टी बघतो. तोंड सुटं होतं का, म्हणजे धड सीटखाली आणि तोंड डॅशबोर्डवर. आणि आवाजाचं, चॅनलचं खरं बटण आहे का. रस्त्यावर नजर ठेवून मेनू चाळता येत नाही. रिपीटरसाठी ६०० किलोहर्ट्झचा शिफ्ट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर) आणि रिपीटर उघडणारा सीटीसीएसएस टोन तर सगळ्यांतच असतो. धड सीटखाली गेलं की स्पीकरही गादीत तोंड खुपसतो, म्हणून बाहेरचा स्पीकर त्याच वेळी घ्या. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशवर डिस्प्ले काळा पडतो, तोंड काढून खणात ठेवायची सवय लावा.

७ मेगाहर्ट्झवर गाडीतून बोलायचं असेल तर तो वेगळा संसार आहे. चतुर्थांश लहर तिथे १० मीटरच्या वर, आपण लावतो कॉइल घातलेली दोन मीटरची काठी, आणि ती बँडचा जेमतेम छोटासा तुकडा सांभाळते. आधी व्हीएचएफवर वर्षभर काढा.

माईकचा हुक चालकाच्या नाही, शेजारच्या सीटच्या बाजूला लावा. गाडी चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात धोकादायक चालवण्यात धरलंय. एकटे असाल तर कडेला थांबा.

सगळं झालं की एक दिवस मोकळा काढा आणि एका मित्राला घरी सेटपाशी बसवा. टपावरची अँटेना म्हणजे जमिनीपासून दोन मीटर. अशा दोन गाड्या सपाटीवर हिशोबानं ११-१२ किलोमीटर बोलतात, पुढचं सगळं डोंगर ठरवतो. मी कराडहून निघतो, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्लीची उतरण. दर पाच किलोमीटरला थांबून मित्राला विचारतो, वहीत लिहितो. कुठल्या वळणावर कराड तुटतं आणि कुठल्या टपरीसमोर पुन्हा येतं, हे त्या वहीत आहे. माझ्याकडे बसवलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला मी अशीच एक कोरी वही देतो, आणि सर्व्हिसिंगला आला की आधी वही मागतो.